पत्ते आपले, ब्लफ कोणाचा?

पोकर हा खेळ मुळात इराणचा, तेथून तो खलाशांबरोबर अमेरिकेत गेला आणि पाश्चात्त्यांनी तो आपल्या नावावर करून घेतला, असे विधान आमच्या मंडळींच्या बैठकीत अधूनमधून ऐकू येते. बीजगणित आपले, कागद आपल्यामार्फत युरोपात गेला, शल्यचिकित्सेची हत्यारे आपली, मग पत्त्यांचा खेळही आपलाच, असा हा ओघ असतो. पहिल्या तीन गोष्टींना भरपूर पुरावा आहे. चौथ्या गोष्टीचे काय? शिवाय हा वारसा सांगताना एक अडचणही असते. ज्या गोष्टीला मजहबने मनाई केली तिचे श्रेय मागायचे तरी कोणत्या तोंडाने, असा प्रश्न बैठकीतले एखादे बुजुर्ग विचारतातच. आम्हाला वाटते, दोन्ही प्रश्न इतिहासाचे म्हणूनच आधी तपासावेत. त्यातही नेमके काय तपासायचे ते ठरवायला हवे. पत्ते ही वस्तू एक, आणि हातात काही नसताना सगळे काही असल्याचा आव आणून समोरच्याला डाव सोडायला लावणे, ज्याला आज आपण ब्लफ म्हणतो, ती कला दुसरी. या दोन्हींची जन्मगावे वेगवेगळी आहेत.

सुरुवात इस्लामपूर्व अरबस्तानापासून करावी लागते. कुरआनात ज्या ‘मैसिर’चा उल्लेख आहे तो पत्त्यांचा खेळ नव्हे. तो बाणांचा होता. उंट कापायचा, त्याचे वाटे करायचे आणि पिशवीतून खुणांचे बाण काढून कोणाला किती वाटा हे ठरवायचे. दहा बाणांपैकी सात वाट्याचे आणि तीन कोरे. ज्याच्या नशिबी कोरा बाण आला त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकलेले मांस बहुधा गोरगरिबांना वाटले जाई, म्हणून या खेळाला दातृत्वाची झालरही होती. यात पाप मोठे आहे आणि लोकांना काही फायदेही आहेत, पण पाप फायद्याहून मोठे आहे, असे सूरे बकराने सांगितले. पुढे सूरे माइदाने तो साफ वर्ज्य केला. आमच्या विषयाच्या दृष्टीने एवढेच नोंदवायचे की मैसिरमध्ये ब्लफला जागाच नव्हती. बाण पिशवीत आहे, तो कोणालाच दिसत नाही, खेळणाऱ्यालाही नाही. जे मला स्वतःलाच ठाऊक नाही त्याबद्दल मी दुसऱ्याला फसवणार कसा? ब्लफ जन्माला यायचा तर एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही असे काहीतरी हवे. ते पत्त्यांनी आणले.

पत्ते मुळात चीनचे, यावर अभ्यासकांचे बहुतेक एकमत आहे. पण युरोपला ते मिळाले मिसरच्या मामलूकांकडून. याचा मोठा पुरावा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. लिओ मेयर या विद्वानाच्या नजरेस १९३१ मध्ये तेथे पत्त्यांचा एक जुना संच पडला आणि १९३९ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. बावन्नपैकी सत्तेचाळीस पाने शिल्लक आहेत. पाने लांबट, वीतभरापेक्षाही उंच, हाताने रंगवलेली, सोन्याचा मुलामा दिलेली. चार रंग : तलवारी, पोलोच्या काठ्या, पेले आणि दिरहम म्हणजे नाणी. प्रत्येक रंगात एक ते दहा आणि वर तीन मानाची पाने : मलिक, नायब मलिक आणि दुय्यम नायब. मानाच्या पानांवर माणसाची आकृती मात्र नाही. राजा आहे तो नावाने. चित्रात फक्त नक्षी, आणि वरच्या पट्टीत सुंदर अरबी अक्षरांत सुभाषिते व मालकासाठी शुभेच्छा. चित्रकाराने जी बंधने पाळली त्यांतून ही देखणी वस्तू तयार झाली. जुगाराच्या साधनावर सुभाषिते लिहिणाऱ्या त्या कारागिराबद्दल आम्हाला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

आणि जुगार होताच. मिसरचा इतिहासकार इब्न तगरीबिर्दी याने नोंदवून ठेवले आहे की, पुढे सुलतान झालेल्या अल् मुअय्यदने अमीर असताना ‘कंजिफा’च्या डावात मोठी रक्कम जिंकली होती. हा मुअय्यद १४१२ ते १४२१ या काळात तख्तावर होता. मनाई एका बाजूला आणि अमीर-उमरावांची मैफल दुसऱ्या बाजूला, हे चित्र केवळ कैरोचे नाही. आग्रा, विजापूर आणि पुणे येथेही ते तसेच होते.

युरोपात पत्ते पोचले त्याची साल जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. मार्च १३७७ मध्ये फ्लॉरेन्स शहराने ‘नाइब्बे’ नावाच्या नव्याने आलेल्या खेळावर बंदी घातली. नाइब्बे म्हणजे आपला नायब. स्पेनमध्ये पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. युरोपीय लोकांना पोलो ठाऊक नव्हता, म्हणून पोलोच्या काठीचा त्यांनी सोटा केला. तलवार, पेला आणि नाणे तसेच ठेवले. इंग्रजीत ज्याला स्पेड म्हणतात आणि आपण इस्पिक, ते नाव फावड्यावरून आलेले नसून इटालियन-स्पॅनिश तलवारीच्या शब्दावरून आलेले आहे. म्हणजे मामलूकांच्या तलवारीचे नाव लास वेगासच्या टेबलावर अजून चालते. तेव्हा पत्त्यांवरचा आपला हक्क, निदान मधल्या टप्प्यापुरता, कागदोपत्री शाबीत आहे.

हिंदुस्थानात हाच शब्द गंजिफा म्हणून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवली. त्याला या खेळाचा शौक होता आणि त्याने ती मागवली होती, असे बाबर स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहितो. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या संचाचे वर्णन केले आहे : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे एकेक राजे. पुढे अकबराने त्यात जे बदल केले तेही त्याने सांगितले आहेत. मोगली गंजिफात आठ रंग आणि शहाण्णव पाने, दशावतारीत दहा रंग आणि एकशेवीस पाने. ही पाने गोल असतात आणि त्यांवर लाखेचा थर असतो. आपल्या सावंतवाडीत ती चितारी मंडळी करीत. कला बुडण्याच्या बेताला आली असताना तेथील राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा उभारी दिली. फारसी नावाच्या खेळात मत्स्य-कूर्म-वराह येऊन बसले आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. या गोष्टीवर एक स्वतंत्र लेख होईल.

पण गंजिफा खेळतात कसा? तो हात करण्याचा खेळ आहे. एकाने पान उतरायचे, इतरांनी टाकायचे, मोठ्याने हात घ्यायचा. शिवाय निम्म्या रंगांत लहान पान मोठे ठरते, एक्का दहीला मारतो, त्यामुळे डोक्याला चांगलाच ताप. कोणती पाने पडून गेली आणि कोणती अजून बाहेर आहेत हे लक्षात ठेवील तो जिंकेल. शहाण्णव किंवा एकशेवीस पानांचा हिशेब मनात ठेवणे ही काही साधी गोष्ट नव्हे. कुरआन मुखोद्गत करणाऱ्या आणि शेकडो शेर तोंडपाठ ठेवणाऱ्या तहजीबला हा खेळ मानवला, यात नवल नाही. गंजिफा हा स्मरणशक्तीचा खेळ आहे. त्यात खोटा आव आणून मिळवण्यासारखे फारसे काही नाही. पान खाली पडले की ते जे आहे तेच आहे.

ब्लफला तीन गोष्टी लागतात. पाने झाकलेली हवीत. पैज वाढवत नेण्याची मुभा हवी. आणि पाने न दाखवता डाव सोडून देण्याची सोय हवी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष सर्वांत कमी जाते. समोरचा डाव सोडू शकत नसेल तर त्याला घाबरवून उपयोग काय? ही तिन्ही अंगे एकत्र दिसतात ती युरोपात. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती आणि वैद्य कार्दानो, जो स्वतः पट्टीचा जुगारी होता, त्याने प्रिमेरो नावाच्या खेळाची चर्चा केली आहे; त्यात पैज चढवता येत असे. जर्मन प्रदेशात पोख नावाचा खेळ पंधराव्या शतकापासून होता. या शब्दाचा अर्थच ठोकणे, फुशारकी मारणे असा. फ्रेंचांनी त्याचा ‘पोक’ केला. इंग्लंडात ब्रॅग आला, म्हणजे पुन्हा फुशारकीच. एडमंड हॉइल याने १७५१ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. हा ब्रॅग गोऱ्या शिपायांबरोबर हिंदुस्थानात उतरला आणि आपली तीन पत्ती झाला, असे मानले जाते. दिवाळीच्या रात्री ‘ब्लाइंड’ खेळून समोरच्याला ‘पॅक’ करायला लावणारा आपला माणूस लंडनच्या खानावळीतली जुनी युक्तीच वापरत असतो.

आता इराणचा दावा. इराणात ‘आस-नास’ नावाचा खेळ होता. पाने पाच प्रकारची : आस म्हणजे सिंह, मग शाह, बीबी, सरबाज आणि सर्वांत खाली नाचणारी कौली. प्रत्येकाची चार पाने, एकूण वीस. चौघे खेळाडू, प्रत्येकी पाच पाने. पैज चढवायची, ब्लफ करायचा. आता अमेरिकेकडे पाहा. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने मिसिसिपी नदीवरच्या आगबोटीत १८२९ साली पाहिलेल्या डावाची हकीकत १८४४ च्या आपल्या आठवणींत दिली आहे. तेथेही वीस पाने, चौघे खेळाडू, प्रत्येकी पाच. पाने बदलून घेण्याची सोय नाही, सगळी पाने वाटून संपलेली. जे गुपित आहे ते दुसऱ्याच्या हातातच आहे. हे साम्य पाहून कोणीही थबकेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पूर्वार्धात पत्त्यांवर लिहिणाऱ्या पाश्चात्त्यांनीच हा इराणी दावा पुढे केला. आपल्या मंडळींनी तो तेथूनच उचलला; स्वतःच्या संशोधनातून नव्हे.

पण आस-नासचे तपशीलवार वर्णन मिळते ते १८९० च्या दशकातले. जी पाने संग्रहालयांत आहेत ती बहुतेक काजार काळातली. न्यू ऑर्लिन्स तर १८०३ मध्ये फ्रेंचांकडून अमेरिकेकडे आले, आणि तेथे फ्रेंच ‘पोक’ खेळणारी वस्ती आधीपासून होती. पोक आणि पोकर यांतले अंतर एका अक्षराचे आहे. उलट इराणी खलाशांनी तेथे येऊन खेळ शिकवला याला समकालीन असा एकही कागद नाही. शिवाय ‘आस’ हा शब्दच फारसी नसून एक्क्यासाठीचा फ्रेंच शब्द असावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. तसे असेल तर खेळ इराणातून बाहेर गेला नाही, बाहेरून इराणात आला. डेव्हिड पार्लेटसारख्या पत्त्यांच्या इतिहासकारांनी इराणी दाव्याला म्हणूनच मान्यता दिलेली नाही. आमचाही कौल त्यांच्याच बाजूने आहे. तोपकापीची सत्तेचाळीस पाने हातात असताना आस-नासचा आव आणण्याची आपल्याला गरज काय? भक्कम पाने असलेल्याने कच्च्या पानावर पैज लावली की त्याच्या भक्कम पानांवरही लोक विश्वास ठेवीनासे होतात. आपल्या इतिहासलेखनात हे वारंवार घडते, आणि त्याचा तोटा आपल्याच मुलांना होतो. शाळेत एक दावा खोटा ठरला की खरे ते सांगायलाही ती कचरतात.

अमेरिकेत मात्र या खेळाने स्वतःचे रूप घेतले. आगबोटींवरचे धंदेवाईक जुगारी, कापसाचे व्यापारी, वकील, सैनिक यांच्यात तो वाढला. पुढे बावन्न पाने आली, पाने बदलून घेण्याची सोय आली, एका रंगाच्या पाच पानांना मान मिळाला. जोनाथन ग्रीन या जुगार सोडलेल्या माणसाने १८४३ मध्ये पुस्तक लिहून या टेबलांवरची लबाडी उघड केली. त्या काळी पोकरला ‘ब्लफ’ असेच दुसरे नाव होते. येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. खुणा केलेली पाने वापरणे, बाहीत एक्का लपवणे ही फसवणूक. ब्लफ ही नियमांच्या आत राहून केलेली हूल. जंगे खंदकच्या वेळी, इ.स. ६२७ मध्ये, नुऐम बिन मसऊद यांनी शत्रूच्या दोन गटांत परस्परांविषयी संशय पेरला आणि वेढा ढिला पडला, ती हकीकत आपल्याकडे लहान मुलांनाही सांगतात. युद्धातली हूल आणि करारातला दगा यांत आपल्या फकीहांनी पहिल्यापासून फरक केला आहे. जुगाराच्या टेबलाला तो फरक लागू करून जुगार हलाल होत नाही, हे उघड आहे. पण ब्लफ समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

ब्लफ करावा कसा, याचे शास्त्र मात्र जुगाऱ्याने नव्हे, बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या एका गणितीने मांडले. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धान्तावर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पोकर आणि ब्लफ यांना स्वतंत्र जागा दिली. तोवर समज असा की ब्लफ म्हणजे छातीचा आणि चेहऱ्याचा खेळ. फॉन नॉयमनने दाखवले की चेहरा बाजूला ठेवला तरी ब्लफ करावाच लागतो. जो कधीच ब्लफ करीत नाही त्याच्या चांगल्या पानांना कोणी पैसे देत नाही. त्याने पैज लावली की सगळे उठून जातात. म्हणून ब्लफची दोन कामे असतात. एक, कच्च्या पानांवर डाव मारणे. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे, आपल्या पक्क्या पानांविषयी समोरच्याच्या मनात शंका जिवंत ठेवणे. पकडला गेलेला ब्लफही त्यामुळे पुरता वाया जात नाही.

किती वेळा ब्लफ करावा याचाही हिशेब आहे, आणि तो दुकानदाराच्या हिशेबाइतका सोपा आहे. समजा, मध्ये शंभर रुपये आहेत आणि आपण शंभर लावले. समोरच्याला आता शंभर घालून दोनशे मिळण्याची आशा आहे. तीन वेळांपैकी एकदा जरी आपण खोटे निघालो तरी त्याचे नुकसान नाही आणि फायदाही नाही. तेव्हा तीन पैजांत दोन खऱ्या आणि एक खोटी, हे प्रमाण ठेवले की तो पाने टाको वा दाखवायला लावो, त्याला काहीच साधता येत नाही. याहून जास्त ब्लफ केला तर तो आपल्याला दरवेळी पकडील. कमी केला तर तो सुखाने झोपेल. पैज लहान असेल तर खोट्याचे प्रमाणही कमी हवे.

कोणत्या पानांवर ब्लफ करावा? येथे उत्तर अनपेक्षित आहे. मधल्या नव्हे, सर्वांत वाईट पानांवर. हॅरल्ड कून या गणितीने १९५० मध्ये फक्त तीन पानांचा छोटा पोकर मांडून ते स्पष्ट केले. राजा, राणी, गुलाम अशी तीनच पाने, दोघांना एकेक. आपल्या हातात राणी आहे आणि आपण पैज लावली. समोर गुलाम असेल तर तो पाने टाकील, पण त्याला आपण तसेही हरवणारच होतो. समोर राजा असेल तर तो आनंदाने पैसे घालील. म्हणजे राणीवर पैज लावून मिळवले काहीच नाही. गुलामाची गोष्ट वेगळी. त्याला दाखवून जिंकण्याची आशाच नाही, म्हणून गमावण्यासारखेही त्याच्याकडे कमी. समोरच्याने पैज न लावता चाल आपल्याकडे सोपवली असेल आणि हातात गुलाम असेल, तर तीनदा एकदा पैज लावावी, असे कूनचे गणित सांगते. व्यवहारातही पाहा, थोडेबहुत बाळगून असलेला माणूस गप्प बसून निभावतो. आव आणतो तो ज्याच्याकडे काहीच नाही तो, किंवा ज्याच्याकडे सगळे आहे तो.

याचे नामांकित उदाहरण २००३ सालचे आहे. लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघे उरले. एक क्रिस मनीमेकर, टेनेसीचा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस, जो शंभर डॉलरपेक्षा कमी फी भरून इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून आला होता. दुसरा सॅम फार्हा, बैरूतमध्ये जन्मलेला आणि लेबनॉनमधल्या यादवीच्या काळात अमेरिकेत गेलेला मुरब्बी खेळाडू. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. मग इस्पिकची अठ्ठी. फार्हाची नव्वीची जोडी झाली होती. मनीमेकरचे काहीच झाले नव्हते, पण आणखी एक इस्पिक, किंवा दश्शी अगर पंजी आली असती तर तो जिंकला असता. फार्हाने तीन लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने त्या आठ लाखांवर नेल्या, फार्हाने भरल्या. शेवटचे पान आले बदामची तिर्री. मनीमेकरच्या हातात आता निव्वळ राजा. आणि त्याने होते नव्हते ते सगळे पुढे सरकवले.

फार्हाने तोंडाने बरोबर ओळखले होते. तुझा रंग जमला नाही ना, अशा अर्थाचे तो बोललाही. तरीही त्याने पाने टाकली. का? कारण मनीमेकरची कहाणी पहिल्यापासून जुळत होती. अठ्ठी पडताच ज्याने पैज वाढवली त्याच्याकडे तेव्हाच रंग किंवा ओळ असू शकत होती. शेवटची पैज त्या कहाणीचे पुढचे वाक्य होते. डेव्हिड स्क्लान्स्की या पोकरच्या लेखकाने ज्याला अर्धा ब्लफ म्हटले, म्हणजे आज काही नाही पण पुढच्या पानाने होऊ शकते अशा हातावरची पैज, ती आधी झाली आणि मग तिच्या पोटातून पुरा ब्लफ निघाला. शिवाय हरलेल्याची स्पर्धाच जवळजवळ संपणार, इतकी मोठी रक्कम. आणि समोर नवशिका. नवशिके एवढ्या धाडसाने खोटे बोलत नाहीत, असा मुरब्ब्यांचा समज असतो. मनीमेकर थोड्याच वेळात ती स्पर्धा जिंकला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ जण उतरले, २००६ मध्ये ८,७७३. एका ब्लफने एवढी माणसे टेबलावर आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दूरदर्शनचे कॅमेरे झाकली पाने दाखवू लागले होते आणि इंटरनेटवर खेळण्याची सोय झाली होती, हीही कारणे होती. पण हिशेबनीस जिंकू शकतो तर मी का नाही, हा प्रश्न त्याच डावाने घरोघरी नेला. तो प्रश्न घेऊन बसलेल्यांपैकी बहुतेक हरले, हे सांगायला कोणी कॅमेरा नेला नाही.

यंत्रांनी शेवटी चेहऱ्याचा मुद्दा निकालात काढला. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे ‘लिब्रेटस’ नावाच्या संगणक-प्रणालीने चार धंदेवाईक खेळाडूंना वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळून हरवले. तिला ना चेहरा, ना घाम, ना छाती. ती ब्लफ करीत होती आणि उत्तम करीत होती, निव्वळ प्रमाण सांभाळून.

आपल्या देशात मात्र न्यायालयांनी या खेळांकडे गंजिफाच्या नजरेने पाहिले, असे आम्हाला वाटते. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी त्याचा निकाल लिहिला. हिदायतुल्लांचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झालेले, वकिली नागपुरात केलेली, तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद त्यांनी भूषवलेले. त्यांनी म्हटले की रमीत कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते पान ठेवायचे आणि कोणते टाकायचे याची जाण लागते, म्हणून ती प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. स्मरणशक्तीला कायद्याने कौशल्य मानले, ब्लफला मानले नाही. फॉन नॉयमनचा ग्रंथ निघून तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. गणिताच्या बाजूने पाहिले तर निकालाचा हा भाग आम्हाला पटत नाही. पण ज्या न्यायाधीशाने उर्दू-फारसीच्या घरात पाठांतराचा मान पाहिला असेल त्याला रमीतली आठवण दिसावी आणि तीन पत्तीतली हूल दिसू नये, हे समजण्यासारखे आहे. पुढे पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकवाक्यता झाली नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये तो कौशल्याच्या बाजूला गेला, गुजरातेत २०१७ मध्ये जुगाराच्या.

दरम्यान खेळ मोबाइलमध्ये शिरला होता. नाक्यावरचा जो मुलगा बापाच्या धाकाने कधी पत्त्यांच्या अड्ड्याकडे फिरकला नसता तो घरात, पांघरुणात, पगार हरू लागला. समोर माणूस नाही, त्यामुळे आपल्याला कोणी पाहत नाही असा समज. आणि दुसऱ्या बाजूला असलेल्याला आपल्या प्रत्येक सवयीचा हिशेब ठाऊक असण्याची शक्यता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि त्यात कौशल्य की नशीब हा प्रश्नच ठेवला नाही. रमी, तीन पत्ती, पोकर सगळे एका ओळीत आले. न्या. हिदायतुल्लांनी आठवण आणि हूल यांच्यामध्ये आखलेली रेघ मोबाइलच्या पडद्यापुरती पुसली गेली. क्लबातल्या टेबलांना हा कायदा लागू नाही.